संत्र्याची साल आणि एक सरळ रेघ

मित्रांनो, मी एक ट्यूबलाइट आहे. जुनी, दोन्ही टोकांना काळी पडलेली. हसा, हसा. कुणाला विनोद उशिरा कळला की तुम्ही त्याला माझ्याच नावाने चिडवता, माहितीये मला. मी उशिरा पेटते, कबूल. पण एकदा पेटले की मला जे दिसतं ते भल्याभल्यांना दिसत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. काचेची लांब नळी, आतून पांढऱ्या भुकटीचा लेप, पोटात चिमूटभर पारा, दोन्हीकडे दोन-दोन पिना. झाला माझा देह. दुकानात आले तेव्हा वाटलं होतं, एखाद्या घरात जाईन. मुलं माझ्याखाली अभ्यास करतील, आई भाजी निवडेल. पण मला नेलं गाड्या रंगवणाऱ्या एका पेंटरने.

सगळे त्यांना काका म्हणायचे. त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा.

काकांनी मला छताला लावलंच नाही. लाकडी पट्टीवर बसवलं आणि पट्टी भिंतीला ठोकली, आडवी, कमरेएवढ्या उंचीवर. येणारा जाणारा विचारायचा, "काका, ही ट्यूब कुणासाठी? मांजरासाठी?" काका म्हणायचे, "हो. उंदीर दिसत नाहीत तिला."

संसार आमचा तिघांचा. मी, चोक आणि स्टार्टर. चोक घरातल्या म्हाताऱ्यासारखा, दिवसभर पुटपुटत बसणारा. स्टार्टर म्हणजे धाकटा दीर. सुरुवातीला उड्या मारणार आणि खरं काम सुरू झालं की गायब.

काम काय, ते सांगते. गाडीचं दार रंगवायला समोर आलं की त्यात माझी रेघ उमटायची. काका रंगाची गन चालवायचे. ओला थर बसला की माझी रेघ आधी थरथरायची, तुटायची, नागमोडी व्हायची. मग रंग पसरत जायचा आणि रेघ हळूहळू सरळ व्हायची. ती सरळ झाली की काकांचा हात पुढे. कधी तिचा काठ जड दिसला, रंग ओघळणार असं वाटलं, की हात लगेच हलका. बोलणं नाही, चालणं नाही. मी दाखवायची, त्यांनी बघायचं.

इतकी वर्षं हे चाललं की आपण रेघ बघतो आहोत हेच काका विसरून गेले. श्वास घेतो हे कुठे लक्षात राहतं आपल्या? त्यांना वाटायचं, सगळं हातात आहे. लोकही तेच म्हणायचे, "काकांचा हात म्हणजे लोणी." मला कुणी काही म्हणालं नाही. पण खोटं कशाला बोलू, त्या कौतुकातलं थोडं मी गुपचूप माझ्या वाट्याला ठेवायचे.

मग काकांची पुतणी कामाला आली. रंग चढवायचे काका. त्याआधी घासणं आणि नंतर पॉलिश, हे तिचं. पोरगी मेहनती. तोंडाने फटकळ, हाताने मऊ. तिने काकांच्या मागे लागून छताला नवे चौकोनी दिवे बसवून घेतले. बसवायला आलेल्या वायरमनने मला बघितलं. "आणि ही कुणी लावलीये? बसून गाडी रंगवणाऱ्यांसाठी?"

"काढा ती," पुतणी म्हणाली. "चालताना हिच्या वायरीत पाय अडकतो."

काकांनीही मान डोलावली. मी जुन्या दारांच्या मागे, कोपऱ्यात. चोकची भुणभुण बंद झाली तेव्हा कळलं, मला त्याची किती सवय झाली होती.

नव्या दिव्यांवर माझा राग नाही हं. खोली कशी लख्ख झाली. खाली पडलेला स्क्रूसुद्धा दिसायला लागला. पण तो उजेड सगळीकडून सारखा यायचा. गाडीच्या रंगात त्याची रेघ म्हणून उमटायची नाही. नुसता पांढरा पसारा.

त्या उजेडात पहिली गाडी आली ती ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईंची. शिकाऊ लोकांनी चारही बाजूंनी ठोकलेली. बाईंना गडद निळा रंग हवा होता. काकांनी गन उचलली. मी कोपऱ्यातून बघत होते. रंग किती ओला बसला ते त्यांना कळेना. ओघळ येईल या भीतीने त्यांनी गन लांब धरली, हात भरभर फिरवला. रंगाचे थेंब एकमेकांत मिसळायच्या आधीच वाळले. मला ओरडून सांगायचं होतं. वायर तुटलेली ट्यूब काय ओरडणार?

रंग पक्का वाळल्यावर बाई आल्या. गाडी उन्हात काढली. बाई वाकल्या, दारावर बोट फिरवलं.

"काका, मी निळी गाडी सांगितली होती. ही निळ्या संत्र्याची साल आहे."

काकांनीही बोट फिरवलं. बारीक खळगे, बारीक उंचवटे. त्यांचा चेहरा उतरला. "बाई, हात गेला माझा," ते म्हणाले.

"असं नका हो बोलू. चार दिवस उशीर झाला तरी चालेल मला."

बाई गेल्या. काकांनी गन धुतली, पुसली, डब्यात ठेवली, झाकण लावलं. "आता दुसरा पेंटर बघ," पुतणीला म्हणाले. "मी थांबतो."

"काय थांबता? वरचा थर घासून सपाट करते मी. होईल सगळं."

"कडेला रंग पातळ असतो. पार उतरला तर?"

"कडेला टेप लावीन. मला शिकवलं कुणी?"

काका बाहेर जाऊन बसले. ती बसली गाडीच्या दारापाशी, पण नव्या दिव्यात तिला साल नीट दिसेना. मान वाकडी केली, एक डोळा मिटला. मग इकडे तिकडे बघत ती माझ्यापाशी आली. धूळ झटकली, वायर जोडली आणि मला भिंतीला टेकवून स्टुलावर आडवं ठेवलं. स्टार्टरने चार उड्या मारल्या, चोक पुटपुटायला लागला आणि मी पेटले. उशिराच पेटले, पण पेटले.

दारात मी माझं तोंड बघितलं. पाण्यात भिजलेल्या दोरीसारखं वाकडंतिकडं.

"अगं बाई," पुतणी म्हणाली. "एवढी आहे?"

तिने कडांना कागदी टेप लावली. मऊ रबराच्या ठोकळ्यावर बारीक पॉलिश पेपर गुंडाळला, साबणाच्या पाण्यात बुडवला आणि हलक्या हाताने घासायला लागली. उंचवटे घासले की तिथला रंग दुधाळ, मंद होतो. खळगे मात्र चमकत राहतात, ठिपक्यांसारखे. शेवटचा ठिपका विझेपर्यंत घासायचं आणि तिथेच थांबायचं. त्यापुढे लोभ केला तर रंग फाटतो. ती सारखी पुसायची, वाकून बघायची, पुन्हा पाणी मारायची. मग पॉलिशचं मशीन, तेही एका जागी न थांबवता, नाहीतर रंग भाजतो.

दुधाळ दार हळूहळू खोल निळं झालं. आणि त्यात मी. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. मित्रांनो, स्वतःला असं बघायला मिळणं, याहून मोठं बक्षीस माझ्यासारखीला कोणतं?

मशीनचा आवाज थांबला तसे काका आत आले. कडा तपासायला म्हणून. दारासमोर उभे राहिले आणि नकळत गुडघ्यात वाकले, हात वर गेला, जणू गन हातात आहे. तसेच थांबले. दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"हिला भिंतीवरून काढलं होतं ना आपण?"

"मीच काढायला लावली," पुतणी म्हणाली. "का?"

"मी हिच्या रेघेवर रंग मारायचो गं. आत्ता कळतंय मला."

"म्हणजे हात गेला नाही?"

"कसला हात? दिवा गेला होता. आणि ट्यूबलाइट निघालो मी."

पुतणी आधी हसली. मग तिचे डोळे भरले. "सांगायचं ना तेव्हाच. मी काय खाणार होते तुम्हाला?"

"मला माहीत असतं तर सांगितलं असतं."

तरी काकांना खात्री हवी होती. भंगारातलं एक दार त्यांनी माझ्यासमोर उभं केलं, छतावरचे दिवे बंद केले, डब्याचं झाकण उघडून गन काढली. पहिला थर बसला. रेघ थरथरली. काका थांबले. रेघ सरळ झाली. हात पुढे गेला. शेवटच्या कडेपर्यंत मग तो अडखळला नाही.

बाकीची गाडी दोघांनी मिळून तयार केली. पुतणी घासायची, काका मला उचलून जागा बदलायचे. बाई गाडी न्यायला आल्या, गाडीच्या दारात वाकून बघितलं आणि तशाच वाकून राहिल्या.

"काय झालं?" काकांनी घाबरून विचारलं.

"काही नाही. केस विंचरून यायला हवं होतं."

आता मी पुन्हा भिंतीवर आहे, कमरेएवढ्या उंचीवर. वर चौकोनी दिवे, खाली मी. पाय अडकू नये म्हणून पुतणीने माझी वायर नीट भिंतीला ठोकून दिली. तिचा मला राग नाही. तिने काढलं होतं खरं, पण कोपऱ्यातून आणलंही तिनेच. मला कामाला लावणाऱ्या काकांची, पुटपुटणाऱ्या चोकची, अगदी त्या लुडबुड्या स्टार्टरचीही मी ऋणी आहे.

एक दिवस मी पेटणार नाही. तेव्हा मला फेकून फोडू नका एवढंच सांगते, पोटातला पारा कुणाला बाधायला नको. कापडात गुंडाळा, जुनी उपकरणं गोळा करणाऱ्याच्या हातात द्या. आणि मित्रांनो, एखादी जुनी वस्तू भलत्याच जागी दिसली तर काढण्याआधी विचारा, ही इथे का आहे? घरात कुणालाच सांगता आलं नाही, तर थोडे दिवस राहू द्या.

काका रोज सकाळी कोरड्या फडक्याने आधी मला पुसतात. मग त्याच फडक्याने स्वतःचा चष्मा. पुतणी ओरडते, काच खराब होईल म्हणून. ते ऐकत नाहीत.