भिक्खूने गप्प राहावं

चुका काढण्याचा मला पगार मिळतो. व्हिडिओ गेम बाजारात जाण्याआधी तो खेळायचा, कुठे काय बिघडलंय ते लिहायचं, आणि दुरुस्ती झाली की जिने तक्रार लिहिली तिनेच तपासून ती बंद करायची. हा आमच्या ऑफिसचा नियम. चांगला आहे, मेला.

सध्याच्या गेममध्ये एक यंत्रभिक्खू आहे. पुढच्या शतकातलं शहर, चकाकत्या पाट्या, आणि पुलाखाली मांडी घालून बसलेला हा लोखंडी बुवा. तो खेळणाऱ्याला विचारतो, "हात बदलले, डोळे बदलले, आठवणीही दुसऱ्या यंत्रातून आल्या. मग यात मी कुठला?" तीन उत्तरांतलं एक निवडायचं. कुठलंही निवडा, तो म्हणतो, "धरून ठेवू नकोस."

आवाज माझ्या धाकट्या भावाचा. मीच त्याला तिथे चिकटवला होता. रेकॉर्डिंगच्या दिवशी मी काचेपलीकडे बसले होते. संवाद संपले, तर हा बहाद्दर माइकमध्येच म्हणाला, "ताई, जेवलीस का गं? तोंड बघ किती सुकलंय!" ते फाइलच्या शेवटाला तसंच राहिलं. उत्तर न देता दहा मिनिटं बसलं, की भिक्खू तेही बोलायचा.

मला ते सापडलं डबा खाताना. हसून हसून ठसका लागला. पण जित्याची खोड! तक्रार लिहिलीच: 'भिक्खू जेवणाची चौकशी करतो. अपेक्षित: भिक्खूने गप्प राहावं.' किरकोळ म्हणून ती ढिगाच्या तळाशी गेली.

सहा महिन्यांनी भाऊ गेला. तापाचं निमित्त, आठ दिवसांत खेळ खलास. तेव्हापासून रोज दुपारी मी भिक्खूसमोर डबा उघडायचे. दहा मिनिटं थांबायचे. त्याने विचारलं की "हो रे, जेवतेय" म्हणायचे. शेजारचे बघायचे. बघेनात का!

गेल्या आठवड्यात तो ढीग उपसायला काढला. मी साहेबांकडे धावले.

"माझी ती तक्रार मागे घेते."

"खोटी होती का?"

"नाही."

"मग कशी घेणार?" माणूस वाईट नाही. हळूच म्हणाले, "आवाजाची कॉपी ठेवा ना मोबाइलमध्ये."

आहे की कॉपी. पण तिथे मी बोट दाबते तेव्हा तो विचारतो. इथे तो आपणहून विचारायचा. यंत्राला आपणहून काही सुचत नसतं, हे मला कुणी शिकवायला नको, पोटाचा धंदाच तो आहे माझा. तरीही. साहेबांना यातलं काही सांगता आलं नाही. नुसतं रडू आलं. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता, कुणाच्या नावाने बोंब मारणार?

आज दुरुस्ती माझ्याकडे तपासायला आली. मी डबा उघडला. भिक्खूने भावाच्या आवाजात विचारलं, यात मी कुठला? मी गप्प बसले. दहा मिनिटं झाली. वीस झाली. तो माझ्याकडे बघत राहिला.

"नाही जेवले रे," मी म्हटलं.

मग 'अपेक्षेप्रमाणे' या चौकोनात खूण केली आणि डबा तसाच बंद केला.