बिनक्लचच्या गाडीतलं घट्ट तेल

सकाळी सातच्या सुमारास आलापल्लीच्या सागवान डेपोत ठेकेदार गुणवंतरावांची मोटार मागे गेली आणि लाकडांवर छाप मारणारा सुकलू ती आणि ओंडक्यांची थप्पी यांच्यामध्ये सापडला. त्याची मांडी मोडली. लाकडाच्या लॉरीतून त्याला अहेरीच्या दवाखान्यात नेलं. त्याची बायको मंगली बरोबर गेली.

गाडी मुखरू चालवत होता. त्याने हॉर्न दिला आणि स्टीअरिंगजवळची दांडी मागच्या गिअरवर ओढली. गाडी जागची हलली नाही. थप्पीशी थांबलेला सुकलू वाट पाहून कंटाळला. गाडी येत नाही असं समजून तो तिच्या मागून निघाला. नेमकं तेव्हाच मागच्या सीटवरून गुणवंतराव ओरडले, "रेस दे ना! झोपला का?" मुखरूने रेस दिली. तेवढ्यात गिअर धरला आणि गाडी उसळली.

इथवर कोणाचाच वाद नाही. वाद आहे तो गिअर उशिरा का लागला याचा. गुणवंतरावांनी ठाण्यावर निरोप धाडला तो एवढाच: ड्रायव्हरने मागे न पाहता गाडी घातली. हे खरं ठरलं तर मुखरूचं लायसन जाणार आणि बहुधा तोही आत जाणार.

गाडी अमेरिकन, नागपूरहून जुनी घेतलेली. तिला क्लच नाही. तिच्या गिअरच्या पेटीत पातळ, लाल तेल लागतं. तेलाच्या दाबानेच तिचा गिअर धरतो. मागच्या आठवड्यात तेल गळून कमी झालं. लाल तेल नागपूरहून मागवलं होतं, पण ते येईपर्यंत गुणवंतरावांना थांबायचं नव्हतं, त्यांना डेपोतल्या लिलावाला या गाडीतूनच उतरायचं होतं. म्हणून त्यांच्या लॉऱ्या सांभाळणाऱ्या कय्यूम मिस्त्रीने हाताशी होतं ते लॉरीचं तेल ओतलं. डेपोतल्या सगळ्या लॉऱ्यांच्या गिअरला तो हेच तेल घालतो, आणि थंडीत ते काकवीसारखं होतं.

सुकलूला घेऊन लॉरी निघून गेल्यावर मुखरूने गिअरच्या पेटीतलं तेल मोजायची काडी उपसली आणि खाली पडलेल्या सागाच्या पानावर झटकली. थेंब पसरला नाही, मण्यासारखा बसून राहिला.

"पाह्य कय्यूमभाऊ, पाह्य! हे तेल आहे का गोंद आहे?"

"मले काऊन दाखवून राह्यला? मालकाले दाखव."

"तुह्याच हातानं ओतलं ना! सकाळी गिअर लागत नाई, दुपारी लागते, हे तुले सांगतलं का नाई सांगतलं?"

"सांगतलं."

"मंग ठाण्यातून जमादार येईन, त्याले सांग."

कय्यूम हात पुसत राहिला. "सांगतो म्हणणं सोपं आहे, मुखरूभाऊ. लॉऱ्या कोणाच्या आहेत? उद्या माह्या घरी अमिना चुलीवर काय तुह्यं लायसन शिजवंन?"

"सुकलूची टांग शिजव म्हणा तिले!"

डेपोतली माणसं गोळा झाली होती. त्यावर कोणी हसलं नाही.

चांद्याहून येणाऱ्या प्रवासी मोटारीने नागपूरचे लाल तेलाचे डबे आले ते याच वेळी. गुणवंतराव ऑफिसातून बाहेर आले. "मिस्त्री, जुनं काढ, हे भर. जमादार यायच्या आत गाडी नीट झाली पाहिजे."

मुखरू सरळ गाडीखाली शिरला आणि तेल काढायच्या बोल्टावर हात दाबून पडून राहिला. "मालक, जमादाराले पाहू द्या अगोदर. गाडी सुधरली तर कसूर माह्याच अंगावर येते."

"कसूर तुझाच आहे! गाडी जागेवर उभी होती तेव्हा आरशात काय आपलं तोंड पाहात होता?"

"रेस दे कोण म्हनलं? भूत म्हनलं?"

गुणवंतरावांनी दोन हमाल बोलावले. त्यांनी मुखरूला पायांना धरून बाहेर ओढलं. त्याचा सदरा पाठीवर फाटला. कय्यूम त्याच्याकडे न बघता गाडीखाली गेला. आधी काळपट तेलाची जाड धार, मग नुसती तार लागली. त्याने खालची जाळी पेट्रोलने धुतली आणि लाल तेल भरलं. काढलेल्या तेलाचा डबा राखणदार लालसूने उचलला. असलं तेल तो नेहमी कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी चोपडतो, आजही त्याने तेच केलं. मुखरू धावत पोचला तेव्हा खांब काळे चकचकीत झाले होते.

जमादार बाराच्या पुढे आले. ऊन चांगलं तापलं होतं. ते स्वतः गाडीत बसले. दांडी ओढताच गाडी मागे आली, ढकलताच पुढे गेली.

"यात तर काहीच दोष नाही," ते म्हणाले.

"दोष काढून खांबाले लावला ना, साहेब!" मुखरू ओरडला. "आता ऊनही आहे. सकाळी थंडीत चालू करा. खालचं भांडं खाली केलं यानं, पण पुढच्या गोल डब्यात अर्धं तेल राह्यते. त्याचा बोल्ट अलग आहे. विचारा याले, खोलला का तो? नसंल खोलला तर घट्ट तेल अजून तिथंच आहे."

जमादारांनी कय्यूमला विचारलं. कय्यूमने गुणवंतरावांकडे पाहिलं, मग मुखरूच्या फाटक्या सदऱ्याकडे. "आठवत नाई," तो म्हणाला.

"तुले आठवत नाई?" मुखरू त्याच्या अंगावर गेला. "लॉरीचा एकेक नट तुले झोपेत आठवते, आणि हा नाई?"

लोकांनी त्याला आवरलं. जमादार म्हणाले, उद्या सकाळी पुन्हा पाहू, तोवर गाडीला कोणी हात लावायचा नाही. मग ते विश्रामगृहाकडे गेले.

दिवस मावळताना अहेरीहून निरोप आला की सुकलू शुद्धीवर आहे, पण पाय राहील की नाही ते डॉक्टरांनी सांगितलेलं नाही. गाडी डेपोतच आहे. मुखरू तिच्या पुढच्या चाकाला पाठ लावून बसला आहे. कय्यूम घरी गेलेला नाही. तो ऑफिसच्या पायरीवर बसला आहे, आणि त्याच्या हातात त्या गोल डब्याच्या बोल्टाचा पाना आहे. गुणवंतरावांनी त्याला दोनदा आत बोलावलं. अजून तो उठलेला नाही.