उभ्या कप्प्यातली बाटली

मी एक जुनी वेताची पेटी आहे. उन्हाळ्यात जेवण बांधून घराबाहेर न्यायचं, एवढंच माझं काम. माझ्या झाकणाची एक बिजागरी सैल आहे आणि एका कडेला कलिंगडाच्या रसाचा डाग आहे. तो डाग पुसू नका.

मित्रांनो, मला एका म्हातारीनं विणलं. वेत रात्रभर पाण्यात भिजवून ती सकाळी अंगणात विणायला बसे. मला विकताना ती गिऱ्हाइकाला म्हणाली, "हिच्यात पाणी तेवढं टिकायचं नाही. बाकी सगळं टिकेल."

ते गिऱ्हाईक म्हणजे एक सुतार. नुकतंच लग्न झालेलं. प्रत्येक गोष्ट दोनदा मोजायची त्यांना सवय, म्हणून त्यांची बायको त्यांना 'मास्तर' म्हणे. मीही तेच म्हणते. बायकोला मी बाई म्हणते.

मास्तरांनी दोन रविवार खपून माझ्या एका कोपऱ्यात लाकडी कप्पा बसवला. वाइनची बाटली त्यात ताठ उभी राही, जरासुद्धा हलत नसे. बाईंनी तो पाहिला आणि त्या हसत सुटल्या.

"अहो, बाटलीला खुर्ची केलीत की काय? वाइन आडवी ठेवतात. बूच आतून ओलं राहायला लागतं."

"उभी ठेवली की सांडत नाही."

"बूच वाळलं तर?"

"सुतार कोण आहे घरात?"

"बरं बाई, तुम्हीच," असं म्हणून त्यांनी विषय सोडला. पण रोजची बाटली त्या रुमालात गुंडाळून आडवीच ठेवत आणि कप्प्यात चमचे उभे करत. मास्तरांना ते दिसे.

घरी असले की दोघं मागच्या पायरीवर जेवत. पाव, चीज, उकडलेली अंडी, काकडी आणि टोमॅटो. रविवारी मला घेऊन नदीवर जात. तिथं बाई बाटलीला ओलं फडकं गुंडाळून झाडाच्या फांदीला टांगत. वाऱ्यानं फडकं वाळेपर्यंत वाइन गार होई. मास्तरांच्या पेल्यात त्या कमीच ओतत.

"एवढीशीच?"

"जास्त झाली की तुम्ही गाता. मागच्या वेळी पलीकडच्या काठावरची माणसं उठून गेली."

उरलेली वाइन त्या कधी टाकत नसत. ती आंबली की काकडीवर शिंपडत आणि वर चिमूटभर मीठ घालत. पुढे लेक झाली. दुपारी ती माझ्यावर डोकं ठेवून झोपायची. तिच्या हातातलं कलिंगड माझ्यावर गळलं, तोच तो डाग.

एकदा मास्तरांनी एका वाइनवाल्याच्या दुकानाचं मोठं दार करून दिलं. दार इतकं छान झालं, की मजुरीखेरीज त्यानं एक भारी बाटली भेट दिली. "चांगल्या दिवशी उघडा," तो म्हणाला.

मास्तरांनी चमचे काढून ती बाटली माझ्या कप्प्यात उभी केली. कप्प्याला शेवटी त्याच्या लायकीची बाटली मिळाली होती. मलाही फार बरं वाटलं, हे कबूल करते.

दर रविवारी ती आमच्याबरोबर नदीवर जाई आणि तशीच घरी येई. बाई विचारत, "आज उघडायची?"

"आज ढग आहेत," मास्तर म्हणत. कधी म्हणत, "आज अंडी जास्त उकडली गेली." कधी म्हणत, "लेक नोकरीला लागू दे."

लेक नोकरीला लागली आणि दुसऱ्या गावी गेली. त्या उन्हाळ्यातही बाटली उघडली नाही.

"सात वर्षं झाली," बाई म्हणाल्या. "ही बया आपल्याबरोबर फुकट फिरतेय."

पुढच्या वर्षी उन्हाळा लागण्याआधीच बाई आजारी पडल्या. नदी लांबच राहिली, मागची पायरी उतरणंही त्यांना जमेना. मास्तरांनी त्यांचा पलंग खिडकीशी सरकवला. मला खिडकीखालच्या स्टुलावर ठेवलं. काकडीच्या पातळ चकत्या करून ते त्यांना भरवत. त्या दोन खात आणि तिसरी नको म्हणत.

एका दुपारी बाई म्हणाल्या, "आता तरी उघडा ती."

मास्तर माझ्याजवळ आले. त्यांनी बाटलीला हात लावला. मग हात मागे घेतला.

"तू बरी हो. नदीवर जाऊन उघडू."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. बाटली उघडली तर चांगला दिवस हाच, यापुढे दुसरा नाही, असं कबूल केल्यासारखं होईल, ही मास्तरांची भीती बाईंना कळली असावी.

"बरं," त्या म्हणाल्या.

त्या दुपारनंतर नवव्या दिवशी बाई गेल्या. उन्हाळा अजून सरला नव्हता.

मास्तरांनी मला बाटलीसकट माळ्यावर ठेवलं. दोन उन्हाळे मी तिथंच होते. पत्रा तापे. कोळ्यांनी माझ्या कडीत जाळी केली. खालून एकाच ताटाचा आवाज येई.

तिसऱ्या उन्हाळ्यात लेक आली. तिनं शिडी लावली, मला खाली काढलं आणि ओल्या फडक्यानं पुसलं.

"बाबा, चला."

"कुठं?"

"तुम्हाला माहीत आहे कुठं."

नदीवर तिनं फडकं भिजवून बाटली त्याच फांदीला टांगली. फडकं वाळल्यावर मास्तर बूच काढायला बसले. बूच निघेना. भुगा होऊन ते आत पडलं. मास्तरांनी वास घेतला आणि बाटली हळूच खाली ठेवली.

"आंबली."

लेकीनं घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "हो. पार."

"बूच वाळलं. ती पहिल्या दिवशीच म्हणाली होती." त्यांनी माझ्या कप्प्यावर हात ठेवला. "दोनदा मोजून केला होता गं मी हा. आणि तिनं मागितली तेव्हा..."

मित्रांनो, ती चूक माझ्या पोटात होती. ज्या कप्प्याचा मला अभिमान वाटला, त्यातच ती बाटली वाळत गेली. आणि मला तोंड नव्हतं.

लेकीनं काकडी कापली. त्यावर ती आंबलेली वाइन शिंपडली, चिमूटभर मीठ घातलं आणि ताटली बाबांपुढे सरकवली. मास्तरांनी एक चकती तोंडात घातली. बराच वेळ चावत राहिले.

"तिच्यासारखीच झालीय," ते म्हणाले.

मग ते माझ्यावर वाकले. वेताच्या पेटीत पाणी टिकत नाही. जे पडलं ते माझ्यातून खाली गवतात गेलं.

घरी आल्यावर मास्तर कप्पा काढायला बसले. पण तो इतका पक्का बसवलेला, की ओढला असता तर मीच फाटले असते. म्हणून तो राहिला. आता त्यात चमचे असतात. बाटली रुमालात आडवी असते, आणि नेली त्या दिवशीच उघडतात. पेले दोन असतात, पण मास्तर एकटेच आले की दुसरा गुंडाळलेलाच राहतो. ते आता गात नाहीत.

मित्रांनो, माझी निगा राखायची तर ओलं फडकं पुरतं. पण तुमच्या घरी कुणी "आज उघडायची?" असं विचारलं, तर आकाशाकडे बघू नका. विचारणाऱ्याकडे बघा आणि उघडा.