‘हे कोण बुवा?’ कार्यक्रमाचा माईक

मी माईक बोलतोय. आजवर सगळे माझ्यात बोलले. स्वतःहून तोंड उघडायची ही माझी पहिलीच वेळ, तेव्हा अडखळलो तर सांभाळून घ्या.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट पिरी गावातला एक पब. तिथल्या गवयांनी माझ्यावर बिअर सांडली, एकाने तर मला जमिनीवर आपटलं. माझ्या जाळीला पोचा आलाय तो तेव्हाचा. पब बंद पडल्यावर लेस्टर प्रिडोने मला उचलून गावच्या छोट्या रेडिओ केंद्रात आणलं.

लेस शिशाच्या कारखान्यात कामाला होता, त्याची बहीण कोरल शाळेची बस चालवायची. दर शनिवारी दुपारी दोघं मिळून ‘हे कोण बुवा?’ नावाचा कार्यक्रम करायची. नियम एकच: कोणी नाव न ऐकलेले बँडच लावायचे. लेस गावोगावच्या शेडमध्ये, गॅरेजमध्ये, शाळांच्या हॉलमध्ये जाऊन ते हुडकून आणायचा. दोघांत मिळून मी एकटाच, त्यामुळे बोलताना त्यांचे खांदे एकमेकांवर आपटायचे.

“मंडळी, ड्रमवाला अजून शिकतोय,” लेस सांगायचा, “पण गाणारीचा आवाज ऐका. पैज लावतो, हातातला चहा गार होईल.”

“तुझा चहा कायमच गार असतो, लेस. सरक तिकडे!”

एका सकाळी लेस जेट्टीवर मासे धरायला गेला आणि खुर्चीत बसल्या बसल्याच गेला.

पुढच्या शनिवारी कोरल वेळेवर आली. आता तिला कोणाच्या खांद्याला खांदा लावून बोलावं लागत नव्हतं. तिने गाणं लावलं, संपल्यावर म्हणाली, “छान आहे. पुढचं.” त्याच्या पुढच्यालाही तेच. कित्येक शनिवार तेच चाललं. लोक म्हणायचे, किती धीराची बाई! मी धातूचा आहे, आवाज येतो आणि तारेतून निघून जातो. त्या दिवसांत कोरलचंही तसंच झालं होतं.

मग एक दिवस टेगन स्टुडिओत आली. बेकरीतून तशीच आली होती, ॲप्रनला पीठ होतं. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी मिळून ‘ओले मोजे’ नावाचा बँड चालवायच्या.

“कोरल, तुम्ही परवा आमचं गाणं लावलंत.”

“हो. छान आहे.”

“त्यात अर्धा वेळ नुसती खरखर होती! आमच्याकडूनच बिघडलेलं रेकॉर्डिंग गेलं. आणि तुम्ही छान म्हणालात?”

कोरल माझी तार गुंडाळत राहिली.

“लेस असता तर म्हणाला असता, पोरींनो, हे काय पाठवलंय? वाईट असेल तर वाईट म्हणा ना. सगळंच छान म्हटलं तर आम्हाला ऐकायला येणार कोण?”

“मला ऐकूच येत नाही गं,” कोरल म्हणाली. “कान धड आहेत. गाणं आत जात नाही. चहात साखर आहे की नाही, तेही कळत नाही हल्ली.”

टेगन खुर्चीत बसली. “मग बंद का नाही करत कार्यक्रम?”

“बंद करून शनिवारी दुपारी जाऊ कुठे?”

टेगन ॲप्रनवरचं पीठ झटकत बसली. मग कोरल म्हणाली, “शनिवारी तिघी इथे येऊन वाजवा. जे असेल ते सांगेन.”

त्या आल्या. टेगन माझ्यापाशी उभी राहून गायली. तिच्या श्वासाला पावाचा वास होता. गाणं संपल्यावर कोरल इतकी थांबली की मला वाटलं तार तुटली.

“मंडळी,” ती म्हणाली, “बेसवाली घाई करते. दुसरं कडवं लांबलंय. खरं सांगायचं तर मला काहीच वाटलं नाही. गेले कित्येक आठवडे कशानेच काही वाटत नाही, तो या पोरींचा दोष नव्हे. पण शेवटच्या ओळीला ही मुलगी आवाज चढवेल असं वाटतं, आणि ती खाली आणते. ते सोपं नाही. लेस असता तर टेबलावर थाप मारली असती. उद्या बोलिंग क्लबच्या हॉलमध्ये त्या वाजवणार आहेत. जा.”

मुलींकडे माईक नव्हता, म्हणून त्या मलाच घेऊन गेल्या. हॉल भरला नाही, पण पुढच्या खुर्च्या भरल्या. कोरल दाराशी उभी होती, कोट न काढता. ती रडली नाही, डोलली नाही. शेवटच्या ओळीला तिचा हात कोटाच्या खिशातून बाहेर आला आणि तसाच लोंबत राहिला. एवढंच मी पाहिलं.

आता केंद्रात नवे माईक आलेत. ज्यांचं नाव कोणाला ठाऊक नाही, अशा पोरांच्या हाती कोरल मला गाण्यासाठी देते. आवाज थोडा घोगरा येतो माझा, पण येतो. तुमच्याही गावात कुठल्यातरी गॅरेजमध्ये कोणीतरी गात असेल. जाऊन उभे राहा. काही वाटलं नाही तरी चालेल, गाणं संपेपर्यंत थांबा.