कपाट रिकामं, कुलूप जागेवर

मी कुलूप बोलतोय. ऐका, पण आधी आपापल्या किल्ल्या जपा. संशय हा माझा धंदाच आहे हो! मला बघायला एकच भोक, तेही किल्ली आत शिरली की बंद. म्हणजे मला उघडतं कोण, हेच मला कधी दिसत नाही. मग संशय घेऊ नको तर काय करू?

ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा गावच्या एका दुकानातून मला यतिनने घेतलं. त्याची बायको शैला इथल्या हॉस्पिटलात नर्स. दरवर्षी रजा जमवायची आणि टांझानियातल्या एका खेड्यात मुलांना वाचायला शिकवायला जायची. "पुस्तकं नेतेस ना, मग हेही ने. फार भोळी आहेस तू," यतिन म्हणाला. मला तो तेव्हाच आवडला.

त्या शाळेच्या निळ्या कपाटावर माझी वर्षं गेली. एक किल्ली हेडमास्तरांकडे, एक शैलाकडे. ती आली की आधी माझ्या भोकात खोबरेलाचा थेंब सोडायची, मग कपाट उघडायची. मुलांचा नुसता गलका! मी मात्र सगळ्यांवर नजर ठेवून. हेडमास्तर उगाच का खोकले? ही नेमा नावाची पोरगी रोज शेवटपर्यंत का रेंगाळते? मधूनच पाहुणे यायचे, कपाटाशेजारी हसरे फोटो काढायचे आणि एकही पुस्तक न उघडता जायचे. त्यांच्यावर तर माझा दाट संशय.

यंदा शैलाचा गुडघा दुखावला. तेव्हाचं तिचं बोलणं मला पुढे कळलं. ती यतिनला म्हणाली होती, "तूच जाऊन ये. काही गडबड दिसली तर मी हे काम सोडते. पुन्हा नाव काढणार नाही."

आणि नेमकी गडबड झालेली! यतिन यायच्या आधीच एक दिवस किल्ली आत शिरली, पुस्तकं भराभर बाहेर निघाली, मला पुन्हा लावलं आणि पावलं निघून गेली. मी रिकाम्या कपाटावर लटकत राहिलो. चोरी करून वर माझी चेष्टा!

यतिनने कपाट उघडलं, तर आत एक पाल आणि धूळ. हेडमास्तर बाहेरगावी. "पुस्तकं कुठायत?" त्याने मुलांना खुणा करत विचारलं. मुलं नदीकडे हात करून ओरडली, "दादा! दादा!"

यतिनने तडक शैलाला फोन लावला. "संपलं, शैला. कपाट साफ आहे. इथे कोणीतरी दादा आहे, त्याने सगळं लांबवलं. मी सांगत नव्हतो?"

इतक्या वर्षांची तिची मेहनत! खोटं कशाला बोलू, मलाही वाईट वाटलं. मग ती हळूच म्हणाली, "फोन स्पीकरवर टाक." मुलांशी त्यांच्या भाषेत बोलली आणि एकदम हसत सुटली. हसता हसता रडायलाच लागली.

"अरे वेड्या, तिकडे दादा म्हणजे ताई! आपल्या नेमाने नेलीत पुस्तकं. नदीला पाणी आलंय, पलीकडच्या लहान मुलांना शाळेत येता येत नाही. म्हणून ती तिकडेच वर्ग घेतेय."

यतिनला पटेना. मलाही नाही. मला खिशात टाकून तो लांबच्या पुलावरून पलीकडे गेला. नेमा आता चांगली मोठी झाली होती. हेडमास्तरांनी किल्ली तिच्याच हवाली केली होती म्हणे. पुस्तकांची पार दशा झालेली. पानं दुमडलेली, कडा मळलेल्या, पाठी दोऱ्याने शिवलेल्या. मुलं त्यातूनच मोठमोठ्याने वाचत होती.

यतिनने मला तिच्यापुढे धरलं. "मग रिकाम्या कपाटाला हे कशाला लावलंस?"

नेमाला आधी प्रश्नच कळेना. "शैला टीचरचं आहे ते," ती म्हणाली. "असंच ठेवलं असतं तर हरवलं असतं ना."

अहो, जन्मभर मी दुसऱ्यांच्या वस्तू राखल्या. मला कोणी राखलं, ते पहिल्यांदाच. यतिन तिथेच मुलांच्यात खाली बसला.

"आता कपाट उघडंच राहू दे," असं म्हणून नेमाने मला परत पाठवलं. सध्या मी टूवूंबात, गॅरेजच्या खिळ्यावर आहे. यतिन अजूनही दार लावलं की दोनदा ओढून बघतो. मीही शेजाऱ्यांच्या कुत्र्यावर संशय घेतो. सवयी काय अशा जातात होय?

शैलाचा गुडघा बरा झालाय. या वेळी दोघंही निघालीत, बॅगा भरणं चाललंय. मला न्या हो सोबत! कशाला लावायला नको. फक्त नेमाला दाखवा, मी हरवलो नाही म्हणून.