बाबांच्या कमरेएवढं

सकाळपासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आज आमच्या गॅरेजमध्ये वीज येणार होती आणि बाबांचं लेथ सुरू होणार होतं.

"अगं, जरा टेक कुठेतरी," आई म्हणाली. "तुझ्या येरझाऱ्यांनी मलाच गरगरायला लागलंय."

टेकणार कशी? बाबा लेथवर लाकूड कातणारे. टेबलांचे, खुर्च्यांचे, पलंगांचे पाय कातण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. अपघातात त्यांच्याच पायांतलं बळ गेलं, दुकानाला कुलूप लागलं आणि बाबा चाकाच्या खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघायला लागले. दणदणीत हसणारा, दणदणीत भांडणारा माणूस नुसत्या "बरं"वर दिवस काढायला लागला. जेवता का? बरं. झोपता का? बरं. त्या "बरं"ने माझ्या डोक्यात तिडीक जायची.

शेवटी मी हट्टालाच पेटले. गाडी विकून झाली होती, गॅरेज रिकामं पडलं होतं. दुकानातलं लेथ आणि लाकूड घासायचं छोटं मशीन तिथे आणवलं, बसून काम करता यावं म्हणून वेल्डरकडून लेथच्या स्टँडचे पाय कापून घेतले, दाराशी खुर्चीसाठी उतार करून घेतला. बाबांनी सगळं बघितलं आणि एवढंच म्हणाले, "एकदा बसून बघतो. नाही जमलं तर ते भंगारात द्यायचं. पुन्हा माझ्यापुढे विषय काढायचा नाही."

म्हणजे जे काय व्हायचं ते आजच.

वायरमन घरचाच, माझा मामा. तो यायच्या आधी त्याचा आवाज येतो. "ताई, चहा टाक! आणि ही पोरगी का अशी नाचतेय? हिच्यातच करंट सोडलाय का कोणी?"

कामाला मात्र मामा वाघ आहे. घरातल्या मेन बोर्डापासून त्याने गॅरेजपर्यंत वेगळी जाड वायर ओढली, लेथसाठी स्वतंत्र एमसीबी स्विच बसवला. तो ड्रिल मारायचा, मी भिंतीवर वायरची पट्टी धरायचे. विटांची लाल भुकटी माझ्या केसांत, नाकात, चहातसुद्धा. मला गंमत वाटत होती. कितीतरी महिन्यांनी आमच्या घरात कसलातरी आवाज होत होता.

"मामा, अर्थिंग नीट केलंस ना?"

"नाही गं. तुझ्या बापाला एक झटका देऊन बोलता करायचा विचार आहे." आणि त्याने हिरवी वायर दोनदा ओढून मला दाखवली.

मग लेथच्या मागच्या भिंतीवर बोर्ड लावायची वेळ आली. चालू-बंदची बटणं आणि प्लग त्याच्यावरच.

"किती उंचीवर घेऊ?" मामाने विचारलं.

"दुकानात होता तसाच. बाबांच्या कमरेएवढा." ते माप मला तोंडपाठ होतं. दुकानात मी त्यांच्या शेजारी उभी राहायचे, तेव्हा त्यांच्या पट्ट्याचं बक्कल बरोबर माझ्या कोपराशी यायचं. नुसतं उभं राहायचं हं. "बघायचं, हात नाही लावायचा," हा बाबांचा नियम. मी एवढी घोडी झाले तरी तो बदलला नव्हता. मी भिंतीला कोपर टेकवलं. "इथे."

मामाने मान डोलावली. आई चहाचे कप उचलता उचलता म्हणाली, "अगदी बरोबर. तेवढेच आहेत ते."

बोर्ड लागला. मामाने टेस्टर लावून सगळं तपासलं, वरचा दिवा लावला आणि गॅरेज झळाळून निघालं. मी धावतच बाबांना घेऊन आले. खुर्ची उतारावरून सरळ आत गेली, लेथसमोर थांबली. गुडघे स्टँडखाली चपखल बसले. बाबांनी बटणाकडे हात लांबवला.

हात पोचला नाही. ते पुढे झुकले, खुर्चीच्या दांड्यावर रेलले. तरीही लेथपलीकडचं ते उंच बटण चार बोटं लांबच राहिलं.

आईने तोंड फिरवलं. संपलं, मला वाटलं. आता "बरं" येणार आणि त्याच्यामागून भंगारवाला.

"कोणी मापलं हे?" बाबांनी विचारलं.

"मी," मी कोपर उचलून दाखवलं. "तुमच्या कमरेएवढं."

बाबांनी खाली स्वतःच्या कमरेकडे बघितलं. मग वर बोर्डाकडे. "स्टँड कापलं, उतार केला आणि बोर्ड लावला उभ्या माणसाला? तिघं होतात, तिघं! एकाच्याही टाळक्यात आलं नाही?"

"नाही आलं, भाऊजी," मामा कान खाजवत म्हणाला. "तुमची कमर म्हटलं की आम्हाला तुम्ही उभेच दिसता."

बाबांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. पण ते हसत होते! तेच जुनं, दणदणीत. हसता हसता डोळे पुसत होते आणि पुसता पुसता ओरडत होते, "पेन्सिल आण! पट्टी आण! या घरात एक काम माझ्यावाचून धड होत नाही!"

बसल्या जागी हात लांबवून त्यांनी स्टँडच्या बाजूला खूण केली. "बंद करायचं बटण हाताखालीच पाहिजे. लावा इथे. आणि मेव्हणे, तोंड कमी चालवा." मामाने मेन बंद केला आणि एक शब्द न बोलता तिथे दुसरा बोर्ड बसवला. मामा एवढा वेळ गप्प, हाही चमत्कारच. मग तो वरच्या बोर्डाचे स्क्रू काढायला लागला.

"तो राहू द्या," बाबा म्हणाले.

"आता कोणाला लागणार तो?"

"ज्याच्या कोपराने मापलाय त्याला."

मामाने मेन चालू केला. बाबांनी लाकूड चढवलं, पटाशी धरली आणि बटण दाबलं. लेथ गुरगुरलं, लाकूड फिरायला लागलं, पहिला पांढरा भुसा त्यांच्या मांडीवर उडाला. मी नेहमीसारखी शेजारी उभी राहिले, हात पाठीमागे बांधून.

"घासायचं मशीन लाव वरच्या बोर्डाला," बाबा लाकडावरची नजर न काढता म्हणाले. "मी कातणार, तू घासणार. अशी बघत काय उभी राहिलीस? लाव हात!"