तिसरी फुंकर

“आत जाऊ नकोस, डिम्फ्ना.” शेजारच्या अट्रॅक्टाने दारातच हात आडवा घातला. “अजून तू त्याचं तोंड पाहिलेलं नाहीस. तेवढं राख.”

आतल्या खोलीत, लिव्हरपूलहून बोटीने आलेली शवपेटी उघडी होती. पेटीत डिम्फ्नाचा बाप होता, फेस्टस टिअर्नन. तो आपल्या जन्माआधीच समुद्रात बुडाला, असं डिम्फ्ना सेहेचाळीस वर्षं समजत आली होती.

ज्याने बाप पाहिला नाही, त्याच्या फुंकरीने तान्ह्याच्या तोंडातला पांढरा बुरा जातो, असं सगळा गाव मानायचा. तीन सकाळी, अनशापोटी, एकेक फुंकर. पैसे घ्यायचे नाहीत; आभार तर मानायचेच नाहीत, नाहीतर गुण जातो. डिम्फ्नाला नवरा नव्हता, जमीन नव्हती. पण रस्त्यात ती दिसली की पुरुष टोपी काढत.

“उद्या आमच्या नातवाची तिसरी सकाळ आहे,” अट्रॅक्टा म्हणाली. “मेलेल्याला काय कळतंय, तू आलीस की नाही!”

डिम्फ्ना चुलीशी बसलेल्या आईकडे वळली. “तुला माहीत होतं.”

“दर नाताळला पत्र यायचं,” आई म्हणाली. “मग काय, पळाला म्हणून सांगू? पळपुट्याची पोर म्हणून कुणी दारात उभं केलं नसतं तुला. बुडाला म्हटलं, म्हणून फुंकर तरी मिळाली.”

“पत्रात माझं नाव असायचं?”

आई विस्तव सारखा करत राहिली.

डिम्फ्नाने अट्रॅक्टाचा हात बाजूला केला आणि ती आत गेली.

म्हाताऱ्याचा खालचा ओठ डावीकडे किंचित झुकलेला होता. हुबेहूब तिचाच. याच ओठांनी तिने किती पोरांच्या तोंडात फुंकर घातली होती! झाकण लागेपर्यंत ती बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच, पाण्याचा घोटही न घेता, ती अट्रॅक्टाकडे गेली. दाराची वरची फळी उघडली. खालची तशीच बंद राहिली.

“बाळ झोपलंय गं. दुपारी डॉक्टरकडे नेतोय त्याला.” अट्रॅक्टाने नजर चुकवली. “तू इतकी वर्षं केलंस सगळ्यांचं. आभारी आहोत हो.”

तिला हा शब्द आजवर कुणी म्हटला नव्हता.

डिम्फ्ना परत निघाली. थंडी फार होती. पावलागणिक तिच्या तोंडातून वाफ निघत होती आणि कुंपणाशी पोचण्याआधीच विरत होती.